दोन ते पाच

लिहून घ्या, पण माझ्या भरवशावर राहू नका.
हॅरल्ड शपथेवर सांगेल की सात टेक झाले,
मला चार आठवतात,
आणि लॉफ्टस, बिचारा, त्या दिवशी स्टुडिओत नव्हताच,
लीड्सला दाढ काढून घेत होता,
तरी त्याला सगळं आमच्याहून नीट आठवतं.

किलबर्नमधली ती इमारत पूर्वी बिस्किटांचा कारखाना होती.
हीटर तापला की भिंतींतून आल्याचा वास यायचा.
फेब्रुवारी. आम्ही आठ जण, पायांत दोन-दोन लोकरी मोजे,
कारण संघटनेच्या नियमांत
मानधन होतं, चहाची सुट्टी होती,
थंडीबद्दल अवाक्षर नव्हतं.

ते चौघे उशिरा आले. फोटोतल्यापेक्षा बुटके.
गाणाऱ्याच्या अंगात कुणा बाईचा फरचा कोट,
बाहीवर अंड्याचा बलक वाळलेला.
त्या आठवड्यात अर्धं इंग्लंड ज्याच्यासाठी किंचाळत होतं
त्याचा माझ्याजवळ उरलाय तो एवढा बलक.
तो मला डोरोथी म्हणाला. मी म्युरिएल.
दुरुस्त केलं नाही.
नऊ पौंडांत डोरोथीही बसते.

कागदावर विशेष काही नव्हतं,
लांबच लांब सूर, वापरून गुळगुळीत झालेल्या साबणासारखे.
सकाळीच मी असल्या सुरांवर मार्जरिन विकून आले होते.
तो म्हणाला, ‘असं वाजवा, की कुणीतरी घरी परतलंय
आणि घर विकलं गेलंय.’
हॅरल्डने विचारलं, ‘म्हणजे हळू की मोठ्याने?’
तो खरंच विचारात पडला. बराच वेळ.
मग म्हणाला, ‘हळू.’

हो, तो सूर. त्यासाठीच तर आलात तुम्ही.
शेवटच्या कडव्याआधी व्हायोला अर्धी पायरी खाली घसरतो
आणि अंधारात जिना चुकावा तसं गाणं दचकतं.
त्यावर कुणी प्रबंध लिहिलाय म्हणे.
पाचाला वीस मिनिटं कमी होती.
साडेपाच वाजले की शेजारच्या मिसेस पार्जिटर
माझ्या कॉलिनला बाहेर पायरीवर बसवायच्या,
फेब्रुवारी असो नाहीतर काही असो.
मी घड्याळाकडे बघितलं. बोट घसरलं.
बस्स, एवढाच प्रबंध.

सगळे थांबले. माझे कान तापले.
काचेपलीकडून हेडफोनमध्ये त्याचा आवाज,
‘राहू दे. डोरोथीचं राहू दे.’
मग तीच चूक आणखी तीनदा
मुद्दाम वाजवावी लागली,
आणि मुद्दाम ती एकदाही तशी जमली नाही.
रेकॉर्डवर आहे ती पहिलीच.

ड्रमरबद्दल कुणी विचारत नाही. तुम्हीही नाही विचारलंत.
त्या दिवशी त्याला काम नव्हतं,
माझ्या खुर्चीपाशी जमिनीवर मांडी घालून बसला होता.
एकोणीस वर्षांचा, नखं कुरतडलेली.
गजाला लावायची राळ बघून म्हणाला, ‘हे खातात का?’
मी खडा दिला हातात.
त्याने हुंगला, डोळे मिटले,
म्हणाला, बाबांच्या वखारीत असाच वास यायचा,
आणि परत द्यायचं विसरून
शर्टाच्या खिशात ठेवून दिला.
मी मागितला नाही.
पुढच्या जानेवारीत पेपरात आलं. नदी, गाडी, पहाटेचे तीन.
आतल्या पानावर.

ते गाणं अजून भेटतं. परवा दुकानात, कांद्याच्या पातीपाशी.
तो सूर येईपर्यंत मी पाती निवडत राहते,
मागची माणसं चुळबुळतात.
रॉयल्टी? छे हो.
कॉलिनला तर ते गाणं आवडतही नाही.

त्या वर्षाची डायरी सापडली, म्हणून दाखवते.
मला वाटलं होतं, काहीतरी लिहिलं असेल मी.
हे बघा, निळी शाई:
‘२ ते ५. किलबर्न. ९ पौंड.
राळ आणणे.’